आधार की आहार?

आमच्या बँकेत रोखपालाच्या खिडकीवर एक पाटी आहे : 'खिडकी सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.' कोडी घालणाऱ्या मंडळींनी अशी पाटी लावलेली माझ्या पाहण्यात नाही. त्यांची खिडकी पैसे आत घेण्यापुरती उघडते. उत्तर बरोबर की चूक हे ती बंद झाल्यावर कळतं, आणि तक्रार तर आधीही चालत नाही नि नंतरही चालत नाही.

हे सगळं डोक्यात यायला माझा भाचा कारण झाला. राहणार पुणे, वय अठ्ठावीस, पोटापाण्याला संगणक आणि छंद जुने व्हिडिओ गेम जमवण्याचा. ज्या खेळण्यापायी मी लहानपणी वडिलांचा मार खाल्ला, तेच खेळणं हा पोरगा माझ्या एका पगारवाढीइतके पैसे मोजून विकत आणतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. खेळत नाही. धूळ बसेल म्हणतो. दर वर्षी पौषात विवेकानंद जयंतीला तो आमच्याकडे हिवरा आश्रमला येतो. स्वामीजींसाठी येतो अशी त्याच्या आईची समजूत आहे. मला विचाराल तर तो महापंगतीतल्या पुरी आणि वांग्याच्या भाजीसाठी येतो. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या आश्रमात त्या दिवशी जी पंगत बसते, तिला वाढायला माणसं पुरत नाहीत, ट्रॅक्टर लागतात. पुण्याच्या माणसाला ट्रॅक्टरमधून आलेली पुरी गोड लागणारच.

यंदा तो आला तो एक कोडं घेऊन. त्याच्यासारख्याच सात-आठ संग्राहकांचं एक टोळकं आहे. दर वर्षी त्यातला एक जण सांकेतिक कोडं रचतो, बाकीचे ते फोडतात, आणि जिंकणाऱ्याला एक जुनी कॅसेट मिळते. यंदा रचायची पाळी याची.

"मामा, तुमच्यावर आधी करून बघतो," तो म्हणाला. "तुम्ही कॉमर्सचे. तुम्हाला सुटलं तर कुणालाही सुटेल."

बहिणीचा मुलगा असल्याने मी ते प्रशंसा म्हणून घेतलं.

कोड्याचा नमुना त्याने अमेरिकेतून उचलला होता, आणि तो नमुना मला इतका आवडला आणि इतका खटकला, की हा लेख खरं म्हणजे त्याचंच परीक्षण आहे. १९८२ साली अटारी नावाच्या कंपनीने 'स्वोर्डक्वेस्ट' या नावाने चार खेळांची मालिका जाहीर केली. पृथ्वी, अग्नी, जल आणि वायू. पंचमहाभूतांतलं आकाश तेवढं सुटलं, बहुधा बजेटमध्ये बसलं नसावं. प्रत्येक खेळाबरोबर डीसी या प्रसिद्ध कॉमिकवाल्यांचं एक चित्रपुस्तक. खेळात खोल्याच खोल्या. योग्य खोलीत योग्य वस्तू नेऊन ठेवल्या, की पडद्यावर दोन आकडे झळकायचे. एक आकडा पुस्तकाच्या पानाचा, दुसरा त्या पानावरच्या चौकटीचा. त्या चौकटीतल्या चित्रात कुठे तरी एक शब्द दडवलेला. असे शब्द जमवून वाक्य करायचं आणि कंपनीला कळवायचं. बक्षीस काय? तर पृथ्वीला हिरे जडवलेला सोन्याचा ताईत, अग्नीला चषक, जलाला मुकुट, वायूला परीस. प्रत्येकाची किंमत पंचवीस हजार डॉलर. या चार विजेत्यांची शेवटी आपसात झुंज, आणि जिंकेल त्याला पन्नास हजारांची तलवार!

आता गुण आधी सांगतो. पृथ्वीच्या कोड्यात एक जागा अशी आहे, की तिथे रचणाऱ्याला मी उठून नमस्कार केला. खेळणाऱ्याच्या हाती लागायचे दहा शब्द, पण त्यांतले खरे पाच. खरे कोणते? चित्रपुस्तकाच्या सुरुवातीला जे पद्य आहे, त्यातले दोन शब्द जांभळ्या रंगात छापलेले होते. एकाचा अर्थ 'मूळ', दुसऱ्याचा 'संख्या'. म्हणजे ज्या पानांचे आकडे मूळसंख्या आहेत, तिथले शब्द घ्यायचे आणि बाकीचे सोडायचे. घेतले की वाक्य होतं : शोध, मनोऱ्यात ताईत सापडला. कोडं असं असावं. किल्ली पहिल्याच पानावर, दाराला लटकवलेली. आणि आपण घरभर उशा उचकतो आहोत. उत्तर कळल्यावर माणसाने कपाळावर हात मारला पाहिजे, कोडं घालणाऱ्याच्या कपाळावर नव्हे. हजारो उत्तरं आली आणि त्यांतली बरोबर निघाली आठ. त्या आठ जणांची १९८३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात अंतिम फेरी झाली आणि डेट्रॉइटच्या एका तरुणाने ताईत जिंकला.

आता दोष. पहिला दोष असा, की शब्द चित्रात दडवलेले आणि चित्रं पुस्तकात. ज्याचे डोळे चांगले त्याने भिंग घेऊन पुस्तक चाळावं, खेळाला हातही लावू नये. खेळात तर काय करायचं तेच कळत नाही. ही वस्तू त्या खोलीत का ठेवायची याला कारण नाही. ठेवत सुटायचं, कधी तरी आकडे दिसतील. आमच्या शाखेत जुनी व्हाउचरं शोधण्याची हीच पद्धत आहे, पण तिला आम्ही खेळ म्हणत नाही. खोल्यांना राशींची नावं, पुढच्या खेळात यहुदी गूढविद्येचा वृक्ष आणि जलाच्या खेळात तर चक्क आपली सात चक्रं! कुंडलिनी जागृत झाली तरी आकडे दिसतीलच अशी हमी नाही.

दुसरा दोष अग्नीच्या खेळात दिसला. बरोबर उत्तरं आली त्र्याहत्तर, आणि अंतिम फेरीत जागा पन्नास. मग कंपनीने काय करावं? 'या खेळात तुम्हाला काय आवडलं' यावर लिहून मागितलं आणि त्यावरून पन्नास निवडले! म्हणजे ज्याने कोडं सोडवलं तो बाहेर आणि ज्याला स्तुती साधली तो आत. बढतीच्या मुलाखती देऊन आलेल्या कोणत्याही कारकुनाला या पद्धतीचं नवल वाटणार नाही. पण कोड्याच्या परीक्षणात हा दोष लिहावाच लागतो.

तिसऱ्या दोषाला मी दोष म्हणत नाही, दिवाळं म्हणतो. १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. जलाचा खेळ कसाबसा थोड्या लोकांपर्यंत पोचला. १९८४ च्या जुलैत कंपनीचा घरगुती खेळांचा धंदा दुसऱ्याच्या मालकीचा झाला. वायूचा खेळ निघालाच नाही. मुकुट, परीस आणि तलवार कुणालाही मिळाली नाही. ज्यांनी पहिल्या खेळापासून पैसे भरले, भिंग लावून रात्री जागवल्या, त्यांच्यासाठी तलवार आजही त्या जाहिरातीतच आहे. वायूचा खेळ २०२२ साली एका जुन्या खेळांच्या संचात नव्याने करून घातला गेला, म्हणजे चाळीस वर्षांनी. मुदत ठेवीला एवढा उशीर झाला असता तर आमच्या शाखेवर मोर्चा आला असता.

"पण मामा, तुम्ही बक्षिसाकडे बघताय," भाचा म्हणाला. "आम्ही कोड्याकडे बघतो."

हे त्याचं म्हणणं मला पटलं नाही आणि का पटलं नाही, ते सांगायला मला दोन खेळ आठवले. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या खेळाची जी पिवळी कॅसेट मिळायची, तिच्यावर लिहिलेलं असे '९९९९ खेळ'. मोजायला बसलं तर खेळ पाच-सहा. पुढे तेच रंग बदलून, तेच पहिल्याऐवजी तिसऱ्या पातळीपासून. दर्शनी किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांतला फरक मी बी. कॉम.ला नाही, त्या कॅसेटवर शिकलो. आणि त्याच कॅसेटवर 'कॉन्ट्रा' होता. त्यात सुरुवातीला वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, मग बी, मग ए अशी बटणं दाबली की तीन जिवांचे तीस जीव होत. हा संकेत काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी माणसाचा. १९८६ साली 'ग्रॅडियस' हा खेळ तपासताना त्याला स्वतःलाच तो पार करता येईना, म्हणून त्याने स्वतःपुरती ही पळवाट ठेवली, आणि ती काढायची राहून गेली. पेपर काढणाऱ्याला पेपर सुटत नाही हे इतक्या मोकळेपणाने कबूल करणारा परीक्षक मी दुसरा पाहिला नाही. तो संकेत आम्हाला कुणी छापून दिला नव्हता, तोंडोतोंडी आला. पण ज्याने दाबला त्याला तीस म्हणजे तीस जीव मिळाले. एकोणतीस कधी झाले नाहीत.

आमच्या धंद्यातही सांकेतिक भाषा होती. तारेने पैसे पाठवायचे त्या काळी तारेत एक गुप्त आकडा घालत. इकडच्या आणि तिकडच्या शाखेत एकच सांकेतिक पुस्तक कुलपात असायचं. आकडा पडताळून जुळला तर पैसे द्यायचे, नाही तर नाही. मी लागलो तेव्हा ते प्रकरण संपत आलं होतं आणि २०१३ च्या जुलैत तारच बंद झाली. पण आमचे निवृत्त हेड कॅशियर अजून अभिमानाने सांगतात, "बाप्पा, आकडा जुळला नाही त मी सायबाच्या बापालेही पैशे देत नव्हतो." दोन्हीकडे पुस्तक एकच, ही त्यातली मेख.

आता माझ्या आजोबांकडे येतो. आजोबा मेहकरला शाळामास्तर होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बक्षिसांच्या शब्दकोड्यांची जी साथ आली होती, तिची त्यांना लागण झाली. कोणत्या कोड्यांची ते नाव घेत नाही, बरीच होती. प्रवेश फी पाठवायची, रिकाम्या घरात अक्षर भरायचं आणि निकालाची वाट पाहायची. एका कोड्याचं सूत्र आमच्या घरात अजून पाठ आहे : 'म्हातारपणी योग्य हा मिळाला तर माणसाचे आयुष्य वाढते.' तीन अक्षरी शब्द. पहिलं अक्षर 'आ', शेवटचं 'र', मधलं भरायचं. आजोबांनी तीन रात्री विचार करून 'आहार' लिहिलं. योग्य या शब्दावर त्यांचा भर होता. आहार योग्य किंवा अयोग्य असू शकतो, आधाराला कोण योग्य म्हणतो? निकालात छापून आलं 'आधार'.

पुढे कित्येक वर्षं आजोबा पाटावर बसले की आजी विचारायची, "आहार वाढू का आधार?"

त्यांनी कोडी भरणं सोडलं, पण एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली. आपल्याला मराठी येत नाही. वीस वर्षं मुलांना मराठी शिकवणारा हा माणूस निबंध तपासताना एखाद्या शब्दाशी अडखळायचा आणि म्हणायचा, "माझं काही खरं नाही, मला आहार-आधार कळत नाही." शेवटच्या दिवसांत त्यांना चालवेना, तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते मोरीपर्यंत जात. १९९६ ची गोष्ट. एकदा वाटेत थांबून म्हणाले, "छापलं होतं ते बरोबर होतं रे." मी पंधरा-सोळा वर्षांचा. मला वाटलं पोथीतलं काही म्हणताहेत.

पुढे बँकेच्या परीक्षेसाठी कायदा वाचताना मला कळलं की त्यांच्या त्या कोड्याचा न्याय केव्हाच झालेला होता. १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एकूण हजार रुपयांवर बक्षिसं लावायची नाहीत, दोन हजारांवर प्रवेशपत्रं घ्यायची नाहीत, आणि त्याच्या आतलं करायचं तरी परवाना काढायचा. चमारबागवाला यांची आर. एम. डी. सी. ही शब्दकोड्यांची मोठी संस्था. तिचं साप्ताहिक बेंगळूरला छापलं जाई आणि मुंबई राज्यात भरपूर खपे. तिचे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून जुगाराची सगळी परंपरा मांडली आणि सांगितलं, की दोन शब्द सारखेच चपखल असतील, आणि त्यांतला संयोजकांनी कोणता निवडून ठेवला यावर बक्षीस ठरत असेल, तर ते कौशल्य नव्हे, तो जुगार. मुख्याध्यापकांनी सांगितलं असतं तर आजोबांनी ऐकलं नसतं, सरन्यायाधीशांचं ऐकलं असतं. पण निकाल काही मेहकरच्या वाचनालयापर्यंत पोचला नाही.

माझ्या मते आजोबांची चूक नव्हती, कारण ते कोडंच नव्हतं. 'आहार' हे उत्तर चुकीचं आहे, असं ते सूत्र हजारदा वाचूनही सिद्ध करता येत नाही. अटारीच्या कोड्यात जांभळे दोन शब्द होते, इथे जांभळं काहीही नव्हतं. एक बंद पाकीट होतं, आणि त्यात काय आहे ते पाकीट भरणाऱ्यालाच ठाऊक.

खरं तर संकेत रचणं आणि फोडणं आपल्याकडे नवं नाही. व्यासांनीसुद्धा गणपतीला घटकाभर थांबवायला मधूनमधून कूटश्लोक घातले म्हणतात. आमच्या या भागात तर चक्रधरस्वामींचा वावर होता, लीळाचरित्रात लोणार-मेहकरच्या लीळा आहेत. त्यांच्या मागून महानुभावांनी आपले ग्रंथ 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत घातले. एका अक्षराच्या जागी दुसरं. काही शतकं ते ग्रंथ बाहेरच्या माणसाला वाचताच येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि भावे यांच्यासारख्यांनी ती लिपी उलगडली, आणि आतून काय निघालं? मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य! पंचवीस हजार डॉलरचा ताईत एकाला मिळतो. पहिल्या विजेत्याने आपला ताईत वितळवून सोनं केलं. दुसऱ्या विजेत्याचा चषक बँकेच्या लॉकरमध्ये आहे म्हणतात, आणि लॉकरवाला म्हणून सांगतो, तिथे तो कुणाला दिसत नाही. राजवाड्यांनी फोडलेलं कोडं मात्र आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मिळतं. पाकिटात एकच खरं उत्तर होतं आणि किल्ली अक्षरांतच होती, म्हणूनच ते फुटलं.

हे सगळं भाच्याला मी पंगतीच्या आदल्या रात्री ऐकवलं. तो जांभया देत होता. मग म्हणाला, "बरं, माझं कोडं बघा."

त्याचं कोडं छान होतं, हे मामा म्हणून नाही, परीक्षक म्हणून सांगतो. आकड्यांवरून जुन्या कॅसेटींबरोबरच्या पुस्तिकांची पानं, पानांवरून शब्द, मूळसंख्येची तीच चाळणी, फक्त सूचना जांभळ्याऐवजी शाईच्या डागात. (डाग मला छपाईची चूक वाटला होता. त्यावर मी दोन दिवस घालवले.) शेवटी हाती आले पाच शब्द : किल्ली, पेटी, तळघरात, आहे, नाही.

"आता वाक्य करा," भाचा म्हणाला.

मी केलं. "किल्ली तळघरात आहे, पेटी नाही."

"चूक! पेटी तळघरात आहे, किल्ली नाही."

मी गप्प झालो. सौ. आतून म्हणाली, "झालं, यांचा आहार-आधार सुरू झाला."

"माझं का चूक?" मी विचारलं.

"मला दुसरं अभिप्रेत होतं ना, मामा."

अभिप्रेत! पेटीत पैसे टाकणाऱ्या प्रत्येक माणसाला हा शब्द कधी ना कधी ऐकावा लागलाय. मी त्याला म्हणालो, "अरे, तुझ्या त्या आठ जणांतल्या एकाने माझं वाक्य पाठवलं तर त्याला काय सांगशील? पन्नास वर्षं तो तुझ्या नावाने स्वतःला मूर्ख म्हणत बसला तर?" तो हसला, पण मग वही उघडून बसला.

अर्ध्या तासाने नवे शब्द आले : लोखंडी, पेटी, किल्लीसह, तळघरात, आहे. लोखंडी पेटी किल्लीसह तळघरात आहे.

"पेटी लोखंडी की किल्ली?" मी विचारलं. "लोखंडी किल्लीसह पेटी तळघरात आहे, असं कुणी केलं तर?"

त्याने कपाळावर हात मारला. स्वतःच्या, ही जमेची बाजू. आता तो माझ्याकडे बघत होता आणि मी छताकडे. आमच्या आजोबांनी शिकवलेलं व्याकरण कुठे तरी तळघरात होतं, ते वर आलं. म्हटलं, "लोखंडी काढ. गंजलेली घाल."

"त्याने काय होईल?"

"गंजलेली पेटी होते. किल्लीसह म्हटलं की गंजलेल्या किल्लीसह म्हणावं लागतं. लोखंडी बदलत नाही, गंजलेली बदलते. आता शब्द कसेही फिरव, गंजणार ती पेटीच."

त्याने पाचही शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि जमिनीवर बसून सगळ्या तऱ्हांनी लावून पाहिले. सौ.ने दोनदा जेवायला बोलावलं. वाक्य कसंही वाकडं झालं तरी दुसरा अर्थ निघेना. रात्री साडेअकराला तो उठला आणि म्हणाला, "मामा, पणजोबांच्या त्या कोड्यांच्या पावत्या आहेत का अजून?"

ट्रंकेत होत्या. पिवळ्या पडलेल्या, टाचणीच्या गंजाचे डाग पडलेल्या, सतरा-अठरा पावत्या. आजोबांनी प्रत्येकीच्या मागे आपलं उत्तर आणि छापलेलं उत्तर शेजारी शेजारी लिहून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना बेरीज, अगदी खातेवहीसारखी.

"मला द्याल? संग्रहात ठेवतो."

"काचेच्या कपाटात?"

"हो."

दुसऱ्या दिवशी पंगतीहून परत आल्यावर मी त्याला पावत्या दिल्या. 'आहार' लिहिलेली तेवढी ठेवून घेतली.